जमिनीचा वारसा व वडीलधाऱ्यांचा सांभाळ

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांत भात हेच मुख्य पीक होय. पेणच्या पश्चिमेस खारेपट्टीची सपाट शेते आहेत, तर रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी गोड्या जमिनी व त्यांमागे डोंगरउताराची वरकस आहे. या भागातील खातेदारांची जमीन बहुधा एकरांपेक्षा गुंठ्यांतच मोजावी लागते. घरातील तरुण मंडळी पनवेल, मुंबई किंवा धाटावच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरीस असतात, आणि गावी शेत, गोठा व घर सांभाळीत वृद्ध आईवडील राहतात. अशा कुटुंबात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. जमीन पुढे कोणाच्या नावे व्हावी, हा पहिला. आणि म्हातारपणी आईवडिलांना कोणी पाहावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा भावाभावांत फार होते. दुसरा मात्र 'मुले पाहतीलच' असे म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी व एकाच कागदाने सोडविणे इष्ट होय. ते कसे करता येईल, याची माहिती शेतकरी बंधुभगिनींना व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना व्हावी, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

सातबाऱ्यावरील नावाची किंमत

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, कसणाऱ्याचे नाव जमिनीच्या दप्तरात सहजासहजी लागले नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला व तो १९३९ पर्यंत चालला. त्या काळात कुळांनी शेते पडीक ठेविली व मोलमजुरीवर दिवस काढले. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. पुढे कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. आज अनेक सातबाऱ्यांवर असलेले आजोबांचे नाव त्या लढ्याचे फळ आहे.

परंतु आजोबा निवर्तून वीस-पंचवीस वर्षे लोटली तरी तेच नाव तेथे तसेच राहिलेले असते. मृताच्या नावावर पीककर्ज निघत नाही, आणि अतिवृष्टी वा वादळाने नुकसान झाल्यास मदतीची रक्कम कोणाच्या खात्यात जमा करावी, हा पेच पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा बागा व घरे यांची मोठी हानी झाली. अशा वेळी समाईक खात्यावर सर्व हिस्सेदारांची संमतिपत्रे गोळा करावी लागतात आणि हिस्सेदार चार गावी पांगलेले असतात. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे मत अजमाविण्यात आले. भूसंपादन असो वा नुकसानभरपाई, अशा प्रत्येक प्रसंगी दप्तरात कोणाचे नाव आहे, हेच प्रथम पाहिले जाते.

खारेपट्टीत याला आणखी एक बाजू आहे. खाजण बांधून काढलेल्या जमिनींची शिलोत्री पद्धत पेण भागात पूर्वी होती व बांधाच्या दुरुस्तीचा भार सर्व शेतांवर वाटलेला असे. आजही समुद्राकडील मोठ्या बंदिस्तीचे काम शासनाच्या खारभूमी खात्याकडे असले, तरी आतील बांध, उघाडी व नाले यांकडे शेतकऱ्यांनाच लक्ष द्यावे लागते. ज्या शेताचा धनी कोण हेच निश्चित नाही, त्या शेताचा बांध कोणी घालीत नाही. तेथे खांड पडून खारे पाणी शिरले, म्हणजे शेजारच्या शेतांचेही पीक जाते. सबब वारसनोंद ही कुटुंबाची खाजगी बाब असली, तरी तिच्याशी साऱ्या खाराचे हित निगडित आहे.

वारसनोंद कशी करावी

१. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा.

२. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये जमिनीत हक्क प्राप्त झालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावयाचे असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ चा उतारा जोडावा. ई-हक्क प्रणालीतूनही हा अर्ज करता येतो.

३. वारसांची नोंद प्रथम गाव नमुना सहा-क मध्ये होते. त्यावरून नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. त्यानंतरच सातबाऱ्यावर नावे चढतात.

४. वारसांच्या यादीतून कोणाचेही नाव, विशेषतः विधवा मातेचे व विवाहित बहिणीचे, गाळू नये. असे प्रतिज्ञापत्र खोटे ठरते व पुढे दाव्याचे कारण होते.

राज्य शासनाने १ एप्रिल ते १० मे २०२५ या काळात 'जिवंत सातबारा' मोहीम राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले होते. त्यात ज्यांची नोंद राहून गेली असेल, त्यांनी नेहमीच्या पद्धतीने अर्ज करावा. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेरफार ही महसुली नोंद आहे. तिने नवा हक्क निर्माण होत नाही वा असलेला हक्क नष्ट होत नाही. हक्क ठरतो तो कायद्याने, मृत्युपत्राने किंवा नोंदलेल्या दस्ताने.

कायद्याने कोणास किती

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पुरुषाने मृत्युपत्र न करता मागे ठेविलेली स्वकष्टार्जित जमीन पहिल्या वर्गाच्या वारसांत सारखी वाटली जाते. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी व मृताची आई हे सर्व या वर्गात येतात. मुलगा वा मुलगी आधी वारली असल्यास तिचा वाटा तिच्या मुलांकडे जातो. वारलेल्या मुलाच्या वाट्यात त्याची विधवाही येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला आहे. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो व त्यात सामान्यतः एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. कातकरी, ठाकूर आदी अनुसूचित जमातींना १९५६ चा हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरणावरही विशेष निर्बंध आहेत. त्यांनी तहसील कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, खारेपट्टीतील एका शेतकऱ्याने स्वतःच्या कमाईने घेतलेली ८० गुंठे भातजमीन ठेवून देह ठेविला. मागे त्याची वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. पाच वारसांना प्रत्येकी १६ गुंठे येतात. आजी व विधवा माता या दोघींचा मिळून वाटा ३२ गुंठे झाला.

या दोघींना वर्षाला किती धान्य लागेल? प्रत्येकीस दररोज ४०० ग्रॅम तांदूळ धरला, तर वर्षास सुमारे ३ क्विंटल तांदूळ लागेल. भाताचा उतारा शेकडा ६५ धरल्यास त्यासाठी सुमारे साडेचार क्विंटल भात हवे. एकरी १२ क्विंटल उत्पन्न धरले, तर ३२ गुंठ्यांत साडेनऊ क्विंटलांहून थोडे अधिक भात पिकेल. ही जमीन कसणाऱ्या मुलाकडे अर्धेलीने ठेविली तरी दोघींच्या वाट्यास पावणेपाच क्विंटलांच्या आसपास भात येते. म्हणजे कायद्याने मिळालेल्या वाट्यातून त्यांच्या वर्षाच्या भाताची बेगमी होते, आणि मुलालाही कसण्याचा मोबदला मिळतो. ज्यांचे उत्पन्न कमीअधिक असेल, त्यांनी आपल्या शेताचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

हक्कसोडपत्रापूर्वी विचार

प्रत्यक्षात बहुधा काय घडते? दिवसकार्य आटोपले, की 'नावे कमी केली म्हणजे कर्जाला बरे पडेल' असे म्हणून आई व बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते. आई पुत्रप्रेमाने अंगठा उठविते. वरील उदाहरणातील ३२ गुंठे अशा रीतीने एका दुपारी संपतात, आणि कालपर्यंत जी शेताची हिस्सेदार होती, ती दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या मर्जीवर जेवणारी होते. मुलगा वाईट असतो असे नव्हे. पण त्याची नोकरी जाते, त्याच्या मुलांचे शिक्षण निघते, घर बांधावयाचे ठरते, आणि म्हाताऱ्या माणसाचे औषध मागे पडते. स्वतःच्या नावाचे सोळा गुंठे असले, म्हणजे हाच मुलगा आईचा शब्द अधिक मानतो, हा लोकव्यवहार आहे.

यास्तव विधवा मातेने आपल्या हयातीत हक्कसोडपत्र करू नये, हेच हितावह. आपल्या पश्चात वाटा ज्यास द्यावयाचा असेल, त्याच्या नावे तिला मृत्युपत्र करता येते. बहिणीने हक्क सोडावयाचाच असेल, तर तो राजीखुशीने व नोंदणीकृत दस्ताने सोडावा. आईच्या सांभाळाची जबाबदारी कोणत्या भावावर, हे त्याच दस्तात लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कोणीही देऊ नये.

मृत्युपत्र व बक्षीसपत्र यांतील भेद

बक्षीसपत्र नोंदले की जमीन तत्काळ घेणाऱ्याची होते. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अंमलात येते, आणि तोवर ते केव्हाही बदलता वा रद्द करता येते. म्हणून वृद्धांना मृत्युपत्र अधिक सुरक्षित. आणखी एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वडिलांनी सारी जमीन मुलाच्या नावे केली आणि दुर्दैवाने मुलगाच आधी वारला, तर ती जमीन त्याची पत्नी, मुले व आई यांच्याकडे जाते. वडील पहिल्या वर्गाचे वारस नसल्याने त्यांस स्वतः दिलेल्या जमिनीत काहीही मिळत नाही.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर होते. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांसमक्ष सही वा अंगठा करावा आणि साक्षीदारांनीही त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. ज्यास मालमत्ता मिळणार आहे, तो साक्षीदार नसावा हे बरे. डॉक्टरचा दाखला जोडल्यास पुढे शंका राहत नाही. नोंदणी सक्तीची नाही. तथापि दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले मृत्युपत्र गहाळ होण्याचे वा नाकारले जाण्याचे भय कमी असते. गाव, गट नंबर, क्षेत्र, घर नंबर, झाडे, सोसायटीचे देणे व बँकेतील शिल्लक हे सर्व त्यात स्पष्ट लिहावे. पत्नी मागे राहिल्यास तिला त्या घरात राहण्याचा व त्या शेताचे उत्पन्न घेण्याचा हयातभर हक्क ठेवण्यास विसरू नये. आपल्या वाट्याबाहेरची जमीन मात्र मृत्युपत्राने देता येत नाही.

काही कारणाने बक्षीसपत्रच करावयाचे असेल, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ ध्यानात ठेवावे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत गरजा व शारीरिक निगा पाहावी, या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि त्याने तसे केले नाही, तर तो व्यवहार ज्येष्ठ नागरिकाच्या इच्छेनुसार रद्द ठरविता येतो. ही अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. मध्य प्रदेशातील छत्तरपूर येथील एका मातेने २०१९ साली मुलास मालमत्ता बक्षीस दिली होती व सांभाळाचे वचन मुलाने निराळ्या कागदावर लिहून दिले होते. त्या प्रकरणी २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा मातेस परत देण्याचा आदेश दिला. बोध इतकाच, की अट तोंडी न ठेवता दस्तातच लिहावी. ती पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

'ही मिळकत मी तुला या अटीवर देत आहे की, माझ्या व माझ्या पत्नीच्या हयातीपर्यंत आमचे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी व शुश्रूषा यांची व्यवस्था तू करावीस. ती न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करवून घेण्याचा व मिळकतीचा ताबा परत घेण्याचा आमचा हक्क राखून ठेविला आहे.'

वाटणी करताना

हयातीतच वाटणी करावयाची झाल्यास आईवडिलांनी स्वतःचा वाटा निराळा ठेवावा. मुलांनी महिन्याची पाळी लावून आईस एकाकडे व वडिलांस दुसऱ्याकडे ठेवण्याची रीत काही घरांत दिसते. उभा जन्म एकत्र काढलेल्या जोडप्याची उतारवयात अशी ताटातूट करणे योग्य नव्हे. दोघे कोठे राहणार, वर्षास किती भात व महिन्यास किती रोख कोणी द्यावयाची, दवाखान्यात कोणी न्यावयाचे आणि आजारपणात रात्री सोबत कोणी बसावयाचे, हे वाटणीपत्रात कलमवार लिहावे. जो मुलगा वा जी मुलगी प्रत्यक्ष सेवा करील, तिचा विचार वाटणीत अवश्य व्हावा.

संमतीने होणारे वाटप महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करून करता येते. शेतजमिनीच्या अशा वाटणीपत्रांवरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला आहे. मात्र १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यावर निर्बंध आहेत. अशा वेळी एकाने जमीन घ्यावी व इतरांना पैशांत मोबदला द्यावा, हा मार्ग शेताच्या दृष्टीनेही बरा. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कलम ४३ ची नोंद असल्यास वाटप अथवा हस्तांतरण करण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

सांभाळ न झाल्यास

कोणी आईवडिलांना पाहत नसेल, तर २००७ च्या कायद्याप्रमाणे आपल्या उपविभागाच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. वकील देण्याची गरज नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. अपत्यहीन ज्येष्ठांना त्यांची मालमत्ता ज्यास मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी मोफत सल्ला मिळतो. स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी तालुका विधी सेवा समितीमार्फत विनामूल्य वकिलाची मदत मिळते. ६५ वर्षांवरील निराधार व पात्र वृद्धांनी श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

तथापि अर्ज-दाव्याची पाळी येऊ न देणे हेच शहाणपणाचे. आईने मुलावर अर्ज करावयाचा, म्हणजे उभ्या गावात आपल्या घराची लाज काढावयाची, असे तिला वाटते. म्हणून बहुतेक वृद्ध मुकाट्याने सोसतात. याच कारणासाठी आधी केलेल्या कागदाचे महत्त्व अधिक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील आठ-अ चे वाचन चावडीवर घडवून मृत खातेदारांची नावे काढावीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची व विधवांची निराळी यादी करून त्यांच्या घरी जावे. त्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे किंवा कसे, त्यांनी अलीकडे एखाद्या कागदावर अंगठा दिला आहे काय, निवृत्तिवेतन चालू आहे काय, हे शांतपणे विचारावे. महिला बचत गटाच्या बैठकीत वरील ३२ गुंठ्यांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. कायद्याच्या कलमांपेक्षा तो भगिनींना लवकर पटेल. कोणाच्या बाजूने बोलणे मात्र कटाक्षाने टाळावे आणि दस्ताचा मसुदा जाणत्या वकिलाकडून तपासून घेण्यास सांगावे.

या कामास योग्य वेळ कोणती? गणपतीत व शिमग्याला मुंबई-पनवेलची मंडळी गावी येतात, लेकी माहेरी येतात आणि घर भरलेले असते. त्या चार दिवसांत सातबारा व आठ-अ चे उतारे पुढे ठेवून, आईवडिलांना मध्ये बसवून, प्रथम त्यांना काय हवे ते विचारावे आणि मग जमिनीचे बोलावे. बोलणे ठरले, की सर्वांनी आपापल्या गावी परतण्यापूर्वी ते कागदावर उतरवावे. पुढील सणास हेच सारे पुन्हा एकत्र येतील आणि तेव्हा वडीलधारी माणसे असतीलच, असे धरून चालू नये.